शाळेच्या फाटकाला कुलूप आणि कलम ३५३

प्रश्न : केज तालुक्यातल्या आमच्या वाडीवर झेडपीची सातवीपर्यंतची शाळा आहे, दोन गुरुजी. कोरोनात अभ्यास मोबाईलवर यायचा. आमच्या घरात फोन एकच, तो मालकांबरोबर ऊसतोडीला जायचा. २०२१-२२ ला सासूबाई आजारी म्हणून मी गावात थांबले होते. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्षपण मीच होते. जानेवारी २०२२ मध्ये शाळा परत उघडली तरी एक सर आठवड्यातून दोन-तीन दिवसच यायचे. विचारलं तर म्हणायचे, संमतीपत्र नाही त्यांची पोरं बसवता येत नाहीत आणि अभ्यास ग्रुपवर टाकलाय. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोनदा अर्ज दिला. फेब्रुवारीत पालकांनी फाटकाला कुलूप लावलं, तेव्हा दोन्ही सर आत होते. तासाभरानं मीच कुलूप काढायला लावलं. सर निघाले तेव्हा कुणीतरी त्यांच्या गाडीचं हँडल धरलं, शिवीगाळ झाली. माझ्यासह अकरा जणांवर ३५३, ३४२, १४३, ५०४, ५०६ ही कलमं लावली. अटक झाली नाही, नोटीस दिली होती. आता साडेतीन वर्षांनी समन्स आलंय, तारीख डिसेंबरातली. तेव्हा आम्ही कोयत्यावर असू, मुकादमाची आगाऊ उचल घेऊन बसलोय. त्या सरांची बदली झालीय. त्यांच्या घरी जाऊन केस मागं घ्या म्हणावं का? थोरला मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याचं काही अडेल का?

उत्तर : ताई, तुम्ही कलमं आधी लिहिलीत आणि तारीख शेवटी. मी उलटं करते, कारण कलमांवर भांडायला वेळ आहे, तारखेला नाही.

समन्स मिळाल्यावर त्या दिवशी ना तुम्ही, ना तुमचा वकील उभा राहिला, तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. गुन्हा साधा, माणूस कारखान्यावर, तारखा चुकत गेलेल्या, आणि टोळी गावात परतली की दुसऱ्या दिवशी दारात पोलीस. ज्या खटल्यात शिक्षा लागण्याची शक्यताच कमी, त्यात माणूस नुसत्या वॉरंटपायी कोठडीत जातो. म्हणून डिसेंबरची वाट बघू नका. टोळी हलण्याआधी वकिलामार्फत प्रकरण अलीकडे बोर्डावर घेण्याचा, म्हणजे तारखेआधीच सुनावणीला घेण्याचा अर्ज द्या, स्वतः हजर व्हा आणि जामीन करून घ्या. तपासात तुम्हाला अटक झालेली नव्हती आणि नोटीस आली तेव्हा तुम्ही ठाण्यात गेलात, असं मी धरते. अशा आरोपीला दोषारोपपत्रानंतर हजर झाल्यावर कोठडीत घालण्याचं कारण नसतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात तशी दिशाच आखून दिली आहे. जामीनदाराचा सातबारा मिळत नसेल तर वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे नुसत्या तुमच्या लेखी हमीवर सोडावं अशी विनंती अर्जातच लिहा.

त्याच दिवशी दुसरा अर्ज द्यायचा, पुढच्या तारखांना हजेरीतून सूट मिळण्याचा. त्याला ग्रामसेवकाकडून मिळालेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आणि मुकादमाबरोबरची उचलीची नोंद जोडा. पोटासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं हे कारण कोर्टाला कळतं, फक्त ते कागदावर हवं. आरोप वाचून दाखवतात त्या दिवशी मात्र बहुधा यावंच लागतं. खाडा पडेल. तो सोसा, पण ती तारीख सोडू नका.

वकिलाच्या फीची चिंता तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, तरी ती असणार. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. समन्स आणि आधार कार्ड घेऊन तिथं जा. गुन्ह्यात तुमच्याबरोबर आणखी बायका असतील तर त्यांनाही न्या.

आता कलमं. घटना २०२२ ची आहे, म्हणून तुम्हाला जुनी भारतीय दंड संहिताच लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय न्याय संहिता नाही. चावडीवर कुणी १३२ कलमाचं नाव घेऊन घाबरवलं तर गोंधळू नका. जुन्या ३५३ ची ती नवी जागा आहे.

३५३ चं नाव ऐकून गाव गारठतं, कारण ते अजामीनपात्र आहे. पण शासकीय कामात अडथळा आणला की झालं ३५३, हा समज चुकीचा आहे. त्या कलमाला लोकसेवकावर हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर लागतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक लोकसेवक आहेत, त्यावर वाद घालून उपयोग नाही. प्रश्न इतकाच की बळ वापरलं का, आणि कुणी वापरलं. फाटकाला कुलूप लावणं हे कुणाच्या अंगावर बळ वापरणं नव्हे. घोषणा देणं नव्हे, जाब विचारणं तर नव्हेच. एवढ्यावर ३५३ टिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे आणि आरोप निश्चित होण्याआधी दोषमुक्तीच्या अर्जात तुमच्या वकिलाने हाच मुद्दा पुढे ठेवावा.

पण ताई, गाडीचं हँडल मला टोचतंय. दंड संहितेच्या कलम ३४९ मध्ये बळाची जी व्याख्या आहे, तिच्यात माणसाला हात लावलाच पाहिजे असं नाही. त्याची चालू हालचाल थांबवली तरी ते बळ होतं. सर गाडीवर बसून निघालेत आणि कुणी हँडल धरून गाडी रोखली, तर सरकारी वकील हेच बोट दाखवतील. फाटकाच्या कुलपापेक्षा ते दोन सेकंद तुमच्या खटल्यात जड आहेत. तुम्ही हँडल धरलं नाही असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. पण १४३ लावलंय, म्हणजे बेकायदेशीर जमाव म्हटलंय, आणि जमावातल्या एकाची कृती सगळ्यांच्या माथी मारण्याचा प्रयत्न होणार. तिथं तुमचा बचाव हा की तासाभरात कुलूप तुम्हीच काढायला लावलंत. हे कुणी पाहिलं, दोषारोपपत्रातल्या एखाद्या साक्षीदाराच्या जबाबात ते आलंय का, हे आधी शोधा. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्या आणि कुणाकडून तरी पहिल्या पानापासून वाचून घ्या.

३४२ बद्दल तुम्हाला बरं वाटेल असं काही सांगता येत नाही. माणसं आत असताना बाहेरून कुलूप लावलं आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, तर तो अडकवून ठेवण्याचा गुन्हा होतो, मग तो तासभर का असेना. शिक्षा एक वर्षापर्यंत, कलम जामीनपात्र. शाळेला मागून दुसरं दार किंवा उघडी बाजू होती का? पंचनाम्यातला नकाशा बघा. वाड्यांवरच्या कितीतरी शाळांना फाटक असतं आणि कुंपण नसतं. तसं असेल तर हे कलम ढिलं पडतं.

सरांच्या घरी जाण्याचं विचारलंत. जाऊ नका. एकट्या नाही आणि सरपंचांना घेऊन तर मुळीच नाही. ते आता सरकारपक्षाचे साक्षीदार आहेत. मनात काही नसतानाही दाराशी चार माणसं उभी राहिली की तो दबाव ठरतो आणि नवा गुन्हा अंगावर येतो. शिवाय केस मागे घेणं त्यांच्या हातात नाही, फिर्याद त्यांची असली तरी खटला सरकार चालवतं. ३४२, ५०४ (चिथावणारा अपमान) आणि ५०६ (धमकी) मध्ये कोर्टासमोर तडजोड होऊ शकते, ३५३ मध्ये होत नाही. सर मनाने तयार असतील तर दोन्ही वकिलांनी बोलावं, सरांनी स्वतःहून शपथपत्र करावं आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात खटला रद्द करण्याचा अर्ज करावा. शासकीय कर्मचाऱ्याच्या प्रकरणात उच्च न्यायालय तडजोड सहजी मान्य करत नाही, पण जुना राग, कुणाला इजा नाही, मजूर आणि गरीब आरोपी, गुणवत्तेवरच कच्चं ३५३, हे सगळं एकत्र मांडलं तर अर्जात दम आहे.

या सरांबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात ते फक्त न येणारे सर आहेत. मार्च २०२० नंतर शिक्षकांना तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या घरोघर सर्वेक्षणावर लावलं होतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण त्यातून वगळतं. म्हणजे वर्गात न दिसलेला शिक्षक दर वेळी घरी झोपलेला नव्हता. संमतीपत्राचंही तसंच. त्या काळात शासनाच्या सूचनेनुसार पालकांच्या लेखी संमतीशिवाय मूल वर्गात बसवायचं नव्हतं. सर एवढं खरं बोलत होते. पण संमतीपत्र मुलाच्या येण्यासाठी होतं, शिक्षकाच्या येण्यासाठी नव्हतं. ज्यांनी सही दिली त्यांच्या मुलांसमोर सरांनी रोज उभं राहायला हवं होतं. ज्यांनी दिली नाही त्यांच्या दारात जाऊन का नाही हे विचारायला हवं होतं. ज्या घरातला एकुलता फोन कोल्हापूरच्या फडात आहे त्या पोराला ग्रुपवर अभ्यास टाकणं म्हणजे काहीच न देणं. तुमचा राग खरा होता ताई, आणि मला तो समजतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी आयांनी तीच गोष्ट सांगितली आहे.

म्हणून खरं काय होतं ते कागदावरून काढा. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे माहिती अधिकारात डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ चा शिक्षकांचा हजेरीपट, हालचाल नोंदवही आणि त्या काळात त्यांना दिलेल्या इतर कामांचे आदेश मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सर आदेशावर होते असं निघालं तर ते मान्य करा, कोर्टात खोटा आरोप घेऊन उभं राहू नका. आदेश नव्हता आणि हजेरीपटावर मात्र सह्या आहेत असं निघालं, तर पालक का चिडले हे त्या कागदानेच बोलेल. त्याच्याजोडीला गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलेल्या दोन अर्जांच्या पोच प्रती ठेवा. समिती आधी रीतसर मार्गाने गेली होती आणि कुणी दाद घेतली नाही, हे त्या शिक्क्यांनी सिद्ध होतं. त्यातली एखादी हरवली असेल तर तीही माहिती अधिकारात परत मिळते.

त्या वेळी काय करायला हवं होतं, हे आता सांगून तुम्हाला बोल लावायचा नाही. पण अजून कितीतरी वाड्यांवर अध्यक्ष बायका आहेत, त्यांच्यासाठी लिहिते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीचं कामच आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात त्या चहापाण्यासाठी नाहीत. शिक्षकाने नियमित यावं, अभ्यासक्रम पुरा करावा, पालकांच्या बैठका घेऊन मुलाची प्रगती सांगावी, हे कलम २४ मध्ये लिहिलंय आणि त्यात कसूर झाली तर शिस्तभंगाची कारवाई होते. तेव्हा समितीची बैठक बोलवायची, इतिवृत्तात तारखांसह गैरहजेरी लिहायची, ठराव करायचा आणि कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्यायची. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायला ती बांधील आहे, निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तीन महिने फार वाटतात, मला माहीत आहे. दोन वर्षं वाया गेलेल्या पोराच्या आईला तर तीन दिवसही फार. तरी शाळा बंद करण्याचा अधिकार कुठल्याही ठरावाने समितीला मिळत नाही.

मुलाची काळजी सोडा. चारित्र्य पडताळणीत उमेदवाराची स्वतःची माहिती विचारतात, आईवरचा खटला हा त्याचा खटला नव्हे. दोषारोपपत्रात त्याचं नाव नाही ना, एवढं एकदा बघून घ्या. अर्जात जे विचारलंय त्याचं खरं उत्तर त्याने लिहावं. भरतीत मुलं अडकतात ती बहुतेक वेळा लपवल्यामुळे.

एक राहिलं. त्या दिवशी गावातल्या कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं असणार आणि ते कुठल्या तरी ग्रुपवर अजून असेल. कुणी ते पुसून टाकायला सांगितलं तर ऐकू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. हँडल कुणी धरलं आणि कुलूप कुणी काढायला लावलं, दोन्ही त्यात दिसेल. ज्या फोनवर ते आहे तो फोन आणि दोन्ही पोच प्रती घेऊन वकिलाकडे जा, टोळी निघायच्या आधी.