वर्गातल्या रीती शिकवाव्या लागतात

प्रिय नवे गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी फळ्यावर दहा नियम लिहू नका. ‘शांत बसा’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे बऱ्याच मुलांना कोणी दाखवलेलंच नसतं. पाढा म्हणून दाखवायचा, म्हणवून घ्यायचा, चुकला की पुन्हा म्हणायला लावायचा; वर्गातली प्रत्येक रीत अशीच शिकवावी लागते.

आधी शांततेची खूण घ्या. तुमचा हात वर गेला की हातातलं खाली, तोंड बंद, नजर तुमच्याकडे. स्वतः करून दाखवा. मग मुलांना मुद्दाम मिनिटभर गप्पा मारू द्या आणि हात वर करा. शेवटचं मूल गप्प होईपर्यंत एक शब्दही बोलू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ४० पैकी ३५ गप्प झाली की आपण बोलायला लागतो. उरलेल्या पाचांना कळतं की खुणेनंतरही बोललेलं चालतं, आणि आठवड्याभरात ते सगळ्या वर्गाला कळतं. पहिला आठवडा रोज १० मिनिटं हा सराव घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा घ्या, कारण तोवर मुलं विसरलेली असतात.

वह्यांचंही तसंच. ‘वह्या आणा रे’ म्हटलं की टेबलाभोवती झुंबड उडते. त्यापेक्षा आजचं पान उघडून वह्या रांगेत आडव्या सरकवायला शिकवा. कडेच्या मुलाने आपली उघडी वही शेजारच्याला द्यायची, त्याने आपली वर ठेवून पुढे द्यायची. मागून पुढे पाठवल्या तर पाठीत टोचाटोची होते आणि ती तुम्हाला दिसत नाही. पान उघडंच असल्याने तपासतानाही शोधाशोध नको. कोणी धावत वही घेऊन आलं तर रागावू नका. ‘जागेवर जा, रांगेतून पाठव’ एवढंच सांगा आणि खरंच तसं करून घ्या.

शिकवताना कोणी खोडी काढली तर शिकवणं न थांबवता त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. तरी थांबला नाही तर हळू आवाजात त्याचं नाव घ्या आणि काम सांगा: ‘तिसरं उदाहरण सोडव.’ पुढचं बोलणं मधल्या सुट्टीत, एकट्याशी. सगळ्यांदेखत उभं केलेलं मूल माघार घेऊ शकत नाही. मारणं किंवा पाणउतारा करणं तर नाहीच; २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे.

तेच मूल पुन्हापुन्हा त्रास देत असेल तर दोन आठवडे टिपून ठेवा: कोणती तासिका, आधी काय चाललं होतं. वाचनाची पाळी जवळ आली की नेमकी पेन्सिल पाडणारं, शेजाऱ्याला चिमटा काढणारं मूल अनेकदा वाचता येत नाही हे लपवत असतं. त्याला रोज १० मिनिटं जवळ बसवून जोडाक्षरं शिकवा.

तुमचा,
एक जुना शिक्षक