जुनी कार विकून नवी घेतली, तर नो क्लेम बोनस नव्या विम्यात मिळतो का?

हो, मिळतो, कारण हा बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग 5 वर्षं क्लेम नसेल तर सवलत 50 टक्क्यांपर्यंत जाते. ती फक्त 'ओन डॅमेज'च्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर लागते, थर्ड पार्टीवर (इतरांच्या नुकसानीच्या विम्यावर) नाही. नव्या गाडीचा हा हप्ता मोठा असतो, म्हणून बोनस सोडू नका.

जुन्या विमा कंपनीला गाडी विकल्याचा पुरावा (मालकी बदलाचे आरटीओचे फॉर्म 29 व 30 किंवा नव्या मालकाच्या नावाचं आरसी) देऊन बोनसचं पत्र घ्या. ते 3 वर्षं चालतं. नव्या गाडीचं कोटेशन हातात आलं की 'एनसीबी'ची (नो क्लेम बोनसची) ओळ आधी बघा. तिथे शून्य दिसलं तर पैसे भरण्याआधीच पत्र दाखवून दुरुस्त करून घ्या.

मात्र गाडी न विकता पॉलिसी संपून 90 दिवस उलटले, तर बोनस जातो. आणि क्लेम घेतलेला असताना बोनस सांगू नका. कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करते, मग ऐन अपघातात क्लेम अडकतो.