पिठाच्या डब्याचं झाकण

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही पाहिले. नाताळच्या आधी तुम्ही तरुण संघाच्या मुलांनी ताडीवाला रोडच्या वस्तीत ब्लँकेटं वाटलीत, त्यातली दहा तू पहिल्या पगारातून घेतलीस, हे वाचून फार बरं वाटलं. पण एक फोटो डोळ्यांपुढून जात नाही. म्हातारी बाई ब्लँकेट छातीशी धरून उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना तुम्ही सहा जण हसताय आणि ती खाली बघतेय. तो फोटो कुणाला पाठवू नकोस. पाठवला असशील तर काढून टाक.

मी रागावलेली नाही. असं का म्हणते ते सांगते.

वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. नाना पेठेत एका खोलीत आई आणि आम्ही तीन भावंडं. त्या काळी परदेशातून आलेले गहू आणि दुधाची भुकटी मंडळ्यांमार्फत, म्हणजे चर्चमार्फत, वाटली जायची. आमचं नाव यादीत घ्यायचं की नाही हे ठरवायला दोघी बाया घरी आल्या. बोलायला चांगल्या होत्या. आईने शेजारून साखर आणून त्यांना चहा केला. निघताना त्यातली एक उठली, फळीवरचा पिठाचा डबा खाली घेतला, झाकण काढून आत पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. डबा रिकामाच होता. आमचं नाव यादीत आलं, गहूही मिळाले. पण त्या दिवसापासून आई तो डबा ट्रंकेच्या आड ठेवू लागली. पुढे आम्ही तिघंही कमावते झालो, तरी डब्याची जागा तिने बदलली नाही.

त्याच गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणीवाले काका माळकरी, भुवया कायम पिठाने पांढऱ्या झालेल्या. मी दोन किलो ज्वारी घेऊन जायची आणि परत येताना डबा जास्त जड लागायचा. आई एकदा विचारायला गेली. काका मान वर न करता म्हणाले, "आधीच्याचं दळण तुमच्यात मिसळलं असणार, ताई. आता वेगळं कसं काढायचं?" पुढच्या वेळीही तेच कारण, त्याच्या पुढच्या वेळीही. आईला सगळं कळत होतं. पण त्या गिरणीतून ती ताठ मानेने घरी यायची.

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पुन्हा काढून वाच. शेताचे कोपरे कापू नका, कापणीनंतर पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या, ही आज्ञा लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहेच. परक्या देशातून आलेली गरीब विधवा रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते, तो शेतमालक बवाज तेवढ्यावर थांबत नाही. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं ओढून तिच्या वाटेत टाका, आणि तिला दटावू नका. संध्याकाळी रूथ एफाभर, म्हणजे एक मोठं माप भरून, सातू स्वतः झोडून घरी नेते. त्या दिवशी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. बवाज म्हटलं की मला त्या पांढऱ्या भुवयाच आठवतात.

दुसरं वचन बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातलं आहे, त्यावर उपदेश फारसा ऐकू येत नाही. शेजाऱ्याला उसनं दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. आणि गहाण म्हणून त्याने पांघरूण दिलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत कर. नर्सिंगच्या ट्रेनिंगला असताना मी ते पहिल्यांदा नीट वाचलं आणि बायबल मिटून बराच वेळ बसून राहिले. आमचा डबा उघडला गेला तेव्हा नेमकं काय मोडलं होतं, ते मला तिथे सापडलं.

आता तुझे प्रश्न. दशांश, म्हणजे देवासाठी द्यायचा दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की कापण्याआधीच्या, यात फार अडकू नकोस. अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेतला माणूस), परका, पोरका आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून गावातच साठवायला सांगितला आहे, एवढं ध्यानात ठेव. सिग्नलवरच्या लेकरांच्या हातात पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे. पण काच वर करून मान फिरवू नकोस, आणि एखादं मूल संकटात दिसलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन कर.

"लोक खोटं बोलतात, मावशी," असं तू लिहिलंस. बोलतात. आपलं दुःख रोज नव्या माणसाला पटवून द्यावं लागलं, तर कुणीही ते थोडं वाढवून सांगेल. नोकरीत मी चार-पाचदा फसले. रक्कम आज एकही आठवत नाही. पण संशयाने रिकाम्या हाती परत पाठवलेली एक बाई आठवते. तिचं खरं होतं.

बाळ, तू पैसे द्यायला तयार आहेस, पण त्याहून जास्त गरज तुझ्या वेळेची आहे. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नसते. हे सगळं कागदावर आहे. वस्तीतल्या माणसाला मात्र ते दारातला वॉचमन सांगत नाही, बिलाची खिडकीही सांगत नाही. मी स्वतः पाहिलंय, एका मोठ्या रुग्णालयात एका घरकाम करणाऱ्या बाईने नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी मंगळसूत्र मोडलं, आणि समाजसेवा विभागाचं टेबल त्याच मजल्यावर, वीस पावलांवर होतं. तिच्याकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नव्हता, रेशन कार्डावर जुनं आडनाव होतं. एक शिकलेला माणूस दोन दिवस तिच्यासोबत हिंडला असता तर पुरे होतं. मंडळीने तिला हजार रुपये दिले. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण तिला माणूस हवा होता.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी फार कळकळीने लिहितेय. शिध्याच्या पिशवीत पत्रक घालू नकोस. वाटपाआधी प्रार्थनेला बसवू नकोस. भुकेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याचा होकारही खरा धरता येत नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवा आणि मुलींसाठीची शाळा, १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं, आणि १८९३ मध्ये इथे मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा होऊन पालकांनी आपल्या लेकी काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा मी करत नाही. पण आपल्या हातातल्या भाकरीकडे या शहरात तेव्हापासून संशयाने पाहिलं जातं, आणि तो संशय वाढेल असं काही आपल्याकडून होऊ नये. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. तुला कुणी आपल्या विश्वासाबद्दल विचारलं तर जरूर सांग, मोकळेपणाने सांग. फक्त तेव्हा तुझ्या हातात पिशवी नसावी.

आणि आपल्याबाहेरच्यांकडूनही शीक. हमालांची संघटना असलेल्या हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रावर एकदा जेवून ये. स्वस्तातलं जेवण आहे, पण माणूस स्वतःच्या खिशातून पैसे काढतो, ताट घेतो आणि जेवतो. कुणाचे आभार मानायची गरज त्याला पडत नाही.

पुढच्या वाटपाच्या कमिटीत वस्तीतल्या दोघी-तिघींना घ्या. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा त्या वाटणीच्या कामासाठी निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती काम दिलं असावं असं मी समजते.

फोटोतल्या त्या म्हातारीला मी ओळखते. तिच्या सुनेला डायलिसिस लागतंय आणि उत्पन्नाचा दाखला दोनदा परत आलाय, कारण आधारवरचा पत्ता गावाकडचा आहे. सोमवारी रजा काढता येईल का? तहसील कचेरीचा जिना आता मला चढवत नाही. सकाळी साडेनऊला त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांब, सून कागद घेऊन बाहेर येईल. घरात चल म्हणाली तरच जा.

तुझी,
मावशी