शरीराच्या तेरा हाका

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. रात्रपाळी सुरू झाल्यापासून पित्त होतंय, डोकं दुखतंय, तेव्हा एखादं चांगलं चूर्ण सांगा, असं लिहिलं आहेस. चूर्ण सांगायला मला दोन मिनिटंही लागणार नाहीत. पण त्याच पत्रात तू सहज लिहून गेलीस, की वॉर्डातल्या बारा तासांच्या ड्युटीत लघवीला जायला सवड होत नाही म्हणून तू पाणीच पीत नाहीस. तिथे मी थांबले. चूर्णाचं नंतर बघू, आधी हे.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथ चरकसंहिता, त्याच्या सूत्रस्थान या पहिल्या भागातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. जे वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले आहेत: मूत्र, मल, शुक्र, अधोवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानंतरची धाप. मी त्यांना शरीराच्या हाका म्हणते. एका रात्रीत तू यातल्या चार-पाच हाका परतवतेस. मूत्राचा वेग अडवला तर ओटीपोटात दुखतं, लघवीला त्रास होतो, डोकं दुखतं, असं चरक सांगतो. तुझी डोकेदुखी निव्वळ जागरणाची आहे असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात मीही हेच केलं. सकाळी दवाखान्यात बसले की दुपारपर्यंत उठायचं नाही, पेशंट ताटकळतात ना! दोन वर्षांत तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. ज्या बायकांना मी रोज 'लघवी तुंबवू नका' म्हणून सांगत होते, त्यांच्यासमोर बसून मी स्वतः तुंबवत होते. म्हणून तुला कळकळीने सांगते. लघवी करताना जळजळ होत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, तर या पत्राच्या भरवशावर राहू नकोस, त्याच दिवशी लघवी तपासून घे.

आता भूक. तू लिहितेस की रात्री दोनला पोटात कालवतं, मग चहा-बिस्किटावर भागवते. भूक मारली की माणूस रोडावतो, अशक्तपणा येतो, अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, चक्कर येते. त्यावरचा उपाय चरकाने एका ओळीत दिला आहे: स्निग्ध, उष्ण आणि लघु, म्हणजे पचायला हलकं, भोजन. आपल्या घरात याला मऊ भात, तूप, मेतकूट म्हणतात! आजारातून उठलेल्याला आजी हेच का द्यायची, ते या ओळीत आहे. तेव्हा ड्युटीवर जाण्याआधी सात-साडेसातला नीट जेव, आणि थर्मासमध्ये मुगाचं कढण ने, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं. मात्र खरी भूक लागली तरच पी. झोप उडवायला खाणं ही भूक नव्हे. आयुर्वेदाचा दुसरा मोठा ग्रंथकार वाग्भट म्हणतो, 'रोगाः सर्वेऽपि जायन्ते वेगोदीरणधारणैः'. वेग अडवल्याने रोग होतात, तसेच नसलेला वेग ओढून आणल्यानेही होतात. हा दुसरा भाग लोक विसरतात.

डब्यातला दहीभात मात्र बंद कर. रात्री दही खाऊ नये असं चरकाने स्पष्ट म्हटलं आहे. शिवाय आत्ता पाऊस ओसरून ऊन तापायला लागलंय. शरद ऋतू पित्ताचा, आणि या ऋतूत दही दिवसाही फारसं चांगलं नाही. ऋतू बदलताना जुन्या ऋतूचे शेवटचे सात आणि नव्याचे पहिले सात असे चौदा दिवस ऋतुसंधीचे असतात. त्या काळात आहारविहार हळूहळू बदलायचा असतो. तुला पित्ताने गाठलं ते नेमकं याच दिवसांत.

झोपेबद्दल वाग्भटाने जे लिहिलंय ते रात्रपाळीवाल्या प्रत्येकाला माहीत हवं. रात्री जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि काही न खाता झोपावं. तू घरी येऊन पोहे खाऊन आडवी होतेस आणि उठल्यावर घशाशी येतं, त्याचं कारण इथे आहे. फारच भूक असेल तर अर्धा कप कोमट दूध घे, तेवढंच. निम्म्या वेळाचा हिशेब मात्र अधूनमधून जागणाऱ्या माणसासाठी आहे, असं माझं मत. महिन्यात पंधरा रात्री जागणाऱ्या मुलीला तेवढ्याने भागणार नाही. दुपारचं जेवण पचल्यावर संध्याकाळी पुन्हा पडून घे. झोपताना तळपायांना तेल लाव. वाग्भटाने डोकं, कान आणि पाय या तीन जागी तेल आवर्जून लावायला सांगितलं आहे. डोक्याला नाही जमलं तर पायांना तरी.

आणि अश्रू. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, नऊ नंबरच्या बेडवरचे आजोबा गेले, मी रडले नाही, काम चालू ठेवलं. बाळा, त्याच अध्यायात चरक असंही म्हणतो की लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग आवरावेत. मला कितीतरी वर्षं हे कोडं वाटायचं: शोक आवरायचा, मग अश्रू का अडवायचे नाहीत? हळूहळू उमगलं. शोकाच्या भरात वाहवत जाऊन हातातलं काम सोडायचं नाही, ते तू केलंस. पण डोळ्यांत आलेलं पाणी हे शरीराचं आहे, ते वाहू द्यायचं. ते अडवलं तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अन्नावरची वासना जाणं, असं बरंच त्याने सांगितलं आहे. उपाय सांगितलेत झोप, मद्य आणि 'प्रियाः कथाः', म्हणजे आवडत्या गप्पा. यातलं मद्य तेवढं वगळ. मैत्रिणीला फोन कर, आजोबांबद्दल बोल.

चहा एकदम तोडायला जाऊ नकोस. लागलेली वाईट सवय चतुर्थांशाने सोडावी, असं वाग्भट सांगतो. रात्रीचे चार कप असतील तर या आठवड्यात तीन. तीन अंगवळणी पडले की दोन.

हे तीन आठवडे करून पित्त तसंच राहिलं, वजन उतरायला लागलं किंवा शौचाला काळं झालं, तर तिथल्याच डॉक्टरांना दाखव, वेळ काढू नकोस. जाहिराती बघून भस्मं, गुटिका मागवायच्या नाहीत. चालू असलेली कुठलीही गोळी मला विचारून बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारून करायची.

मेतकुटाचा डबा शनिवारी तुझ्या भावाबरोबर पाठवते. आजच तुमच्या इन्चार्ज सिस्टरशी बोल. दर तीन तासांनी पाच मिनिटं कुणीतरी तुझा वॉर्ड बघायचा आणि मग तू तिचा, एवढंच ठरवून घे. ठरलं की कळव.

तुझी,
वैद्य मावशी