हायब्रिड सायकलला ४० चा टायर टाकायचा असेल तर रुंद रिम घ्यावीच लागेल का?

नाही. रिम राहू द्या, ते पैसे चांगल्या टायरमध्ये घाला.

तुम्ही लिहिलंय की सायकलला सध्या ७०० × ३५ चे, म्हणजे ३५ मिमी रुंदीचे टायर आहेत, रिम पट्टीने मोजली तर २४ मिमी भरते आणि दुकानदार म्हणतो ४० च्या टायरला ही रिम अरुंद पडेल. रोज नाशकात इंदिरानगर ते सातपूर, रविवारी गंगापूर धरण नाहीतर त्र्यंबक. आता हे २४ तुम्ही बाहेरून मोजलंय, आणि टायरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. टायरची कड रिमच्या आत बसते, म्हणून माप हवं ते आतलं, दोन्ही भिंतींच्या मधलं. साध्या ॲल्युमिनियमच्या रिमला ते बाहेरच्या मापापेक्षा चार-पाच मिमीने कमी असतं. म्हणजे तुमची रिम बहुतेक १९ ची निघेल. रिमवर कुठेतरी ‘६२२ × १९’ असं छापलेलं किंवा कोरलेलं सापडतं का बघा. पुसलं गेलं असेल तर टायर उतरवून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा कॅलिपर, लावा. सातपूरला, कारखान्यांच्या भागात, कामाला आहात म्हणजे तो शोधायला लांब जावं लागणार नाही.

त्यातला ६२२ हा आकडा जास्त महत्त्वाचा. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला तो व्यास, मिलिमीटरमध्ये. तुमच्या नव्या टायरवर ‘४०-६२२’ असंच लिहिलेलं हवं. मी एकदा जुन्या नाशकातल्या एका दुकानात नुसतं “अठ्ठावीसचा टायर द्या” म्हणालो. मला हवा होता २८ मिमी रुंदीचा, त्यांनी बांधून दिला २८ × १½, म्हणजे दूधवाल्यांच्या काळ्या सायकलचा. त्याचा व्यास ६३५. घरी येऊन अर्धा तास टायर-लिव्हर घेऊन झटापट केली, मग लक्षात आलं की हा टायर या जन्मी बसणार नाही. चूक माझीच, त्यांच्या दृष्टीने अठ्ठावीस म्हणजे तोच.

आता रुंदीचं. जुना ठोकताळा असा की टायरची रुंदी रिमच्या आतल्या मापाच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावी. १९ ला ते २८ ते ३८ पडतं. पण हा ठोकताळा झाला. युरोपातल्या टायर-रिमच्या मानकाचा जुना तक्ता १९ च्या रिमवर २८ पासून पार ६० च्या घरातले टायर चालवून घेतो. तेव्हा ४० म्हणजे काही आगाऊपणा नाही.

अरुंद रिमचा त्रास कसा असतो ते मी भोगलंय. माझ्याकडे एक सेकंडहँड स्टीलची सायकल होती, रिम आतून जेमतेम १३ मिमी. खड्ड्यांना कंटाळून तिच्यावर ३५ चा टायर चढवला. छोट्या पाटावर जाडजूड माणूस बसावा तसा तो दिसायचा, खाली निमुळता, वर फुगलेला बल्ब. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. पण सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना, हवाही थोडी कमी ठेवलेली, प्रत्येक वळणावर मागचं चाक झोपाळ्यासारखं आधी एका बाजूला झुकायचं आणि मग वळायचं. टायरच्या बाजूंना खाली आधारच नव्हता. पायथ्याशी येऊन चहा घेतला तेव्हा हात थरथरत होते. हवा वाढवली की डोलणं कमी होतं, पण मग जाड टायर घेतला कशाला?

उलट चूकही लोक करतात, रुंद रिमवर बारीक टायर. टायर वरून चपटा होतो, रिमची कड बाहेर डोकावते, आणि खड्डा आला की मार थेट रिमवर. मग वाकडं झालेलं चाक सरळ करत, आउट काढत बसा. हुकलेस रिम, म्हणजे आतल्या काठाला हूक नसलेली, असेल तर हा खेळ करूच नका. तिथे उत्पादकाने दिलेला किमान टायर पाळायचा आणि हवा ७२ पीएसआयच्या वर न्यायची नाही. तुमच्या हायब्रिडला तसली रिम नसणार, म्हणून इतकंच.

हवेबद्दल मात्र ऐका. टायर जितका रुंद, तितका त्याच दाबाला तो रिमच्या भिंती जास्त जोराने बाहेर ओढतो. म्हणून ३५ मध्ये जेवढी भरता तेवढी ४० मध्ये भरू नका. माझं वजन ७२ किलो, ४० च्या टायरला मी पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय ठेवतो. सायकलवर सामान असेल तर मागे पाच-सात जास्त.

तुमचा खरा प्रश्न रिमचा नाहीच, जागेचा आहे. टायर फ्रेममधून आणि फोर्कमधून फिरेल का? आता ३५ आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना किती फट राहते ते मोजा. ४० टाकल्यावर प्रत्येक बाजूची अडीच मिमी जाईल. त्यानंतर निदान पाच-सहा मिमी उरायला हवी, मडगार्ड असेल तर वरही. जुलैत निफाडकडच्या शिवाररस्त्याला गेलात तर तेवढीही पुरत नाही, काळी माती फोर्कमध्ये अशी ठासते की चाकच फिरत नाही. काडीने उकरत बसलोय मी तिथे. आणि हौसेने २३ ची रिम बसवलीत तर तोच टायर आणखी दीडेक मिमी फुगेल, कारण रिम एक मिमी वाढली की टायर साधारण ०.४ मिमी रुंद होतो. म्हणजे फट आणखी कमी. शिवाय नव्या रिमला बहुतेकदा स्पोकची लांबी वेगळी लागते, त्यामुळे सगळे स्पोक नवे आणि चाक बांधायची मजुरी वेगळी.

नाशिक-पंढरपूर सायकल वारीला जायचं असेल, वजन जास्त असेल आणि रिम तशीही झिजली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा २१ किंवा २३ ची, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, असतील तितक्याच भोकांची रिम घ्या. पण ब्रेकचे रबर रिमवर घासत असतील तर ते नव्या रुंदीला पुन्हा लावून घ्यावे लागतील.

फट किती भरली ते इथेच लिहा. ४० बसत नसेल तर ३८ बघू.