याकोबाने वडिलांना फसवूनही आशीर्वाद मिळवला, मग तरुणांनी यातून काय शिकायचं?

आशीर्वाद मिळाला, पण पुढचंही वाचा. बायबलमधल्या उत्पत्ति या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात याकोब करडांची कातडी हातांना गुंडाळून, आपण मोठा भाऊ एसाव आहोत असं भासवून, दृष्टी गेलेल्या वडिलांना, इसहाकाला, फसवतो आणि एसावाच्या भीतीने त्याला घर सोडावं लागतं. आई रिबका पुन्हा भेटल्याचा उल्लेखच नाही. मामा लाबान लग्नात धाकटी मुलगी राहेल हिच्याऐवजी थोरली लेआ देतो; राहेलसाठीची 7 वर्षांची चाकरी 14 वर्षांवर जाते. पुढे याकोबाचीच मुलं आपला भाऊ योसेफ याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून, तो मेला असं भासवून, याकोबाला फसवतात. पुन्हा बकराच! मला हे फार बोचतं.

दोष एकट्या याकोबाचा नव्हता. आईवडिलांनी आपापला लाडका मुलगा निवडला होता. घरात डावललं जातंय असं वाटत असेल, तर 33वा अध्याय जरूर वाचा. याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो, आणि एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो.