डब्ल्यू 124 चा रबर कपलर बदलताय?

काम जमेल, फक्त घाई नको. 1995 पासून पुण्यात जोडलेल्या या मर्सिडीजच्या प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) पुढे-मागे दोन रबर कपलर (धक्के झेलणाऱ्या रबरी जोडचकत्या) असतात. एकाला भेगा दिसल्या तर दोन्ही बदला.

नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

- उघडण्याआधी शाफ्टच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) रंगाने खुणा करा. नवशिके नेमकं हेच विसरतात, मग गाडी थरथरते.
- बोल्ट धरून ठेवा, नट फिरवा. बोल्ट फिरवला की नवं रबर पिळवटतं आणि लवकर फाटतं.
- सेल्फ-लॉकिंग नट (आपोआप सैल न होणारे) नवेच लावा.

शाफ्टचे दोन भाग आवळून धरणारा मधला क्लॅम्प नट सगळ्यात शेवटी आवळा. आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग (त्याला खालून धरणारा रबरी आधार) दबून खचलंय का तेही बघा. तसं असेल तर नवा कपलरही टिकणार नाही.